सहा मीटर वीस

जिनिंगच्या आवारात अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली
दोन दारांची, दोनच माणसांची गाडी.
मी घेतली तेव्हा दारव्ह्यात जो तो एकच विचारायचा,
"मास्तर, याच्यात पोतं कुठं ठेवसान?"
(मी मास्तर नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत
परीक्षानळ्या धुतो. पण म्हणतात.)

इंजिन फिरलं, ब्रेक लागले.
राहिलं ते रबर.
दाराभोवतीचं, काचेभोवतीचं,
आणि कमरेतून करदोट्यासारखी गेलेली काळी पट्टी,
शेहेचाळीस डिग्रीचे किती मे पिऊन
काचरीसारखी वाळलेली.
बोट लावलं की बोट काळं, उचकलं की तुकडा हातात.
मागच्या श्रावणात सीटखालून बेडूक निघाला होता
आणि निघायला तयार नव्हता.

यवतमाळात नाही मिळालं. नागपूरच्या दुकानदारानं
तुकडा नाकाशी नेला, हुंगला, परत दिला.
"हे आता निघत नाही."
निघत नाही म्हणजे बनत नाही,
आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द.

शेवटी आठवडी बाजारात कौतिकाबाई उईके.
पुढ्यात कुकरच्या रिंगा, स्टोव्हच्या पिना,
फवारणी पंपाचे वायसर.
तिनं तुकडा चिमटीत वाकवला, दाताखाली धरून पाहिला.
"हार्वेस्टरच्या केबिनले लागते असंच.
माह्या भाच्यापाशी आहे. किती पायजे?"
"सहा मीटर वीस."
"साडेसहा घ्या."
"मोजून आणलंय बाई. दोनदा."
"मोजलं असन. पण रबर आहे ते.
ओढून ओढून पुरवसान,
अन् थंडी पडली का कोपरे उघडे पडतीन."
पुढच्या बाजारी तिनं साडेसहा दिलं
आणि पैसे सहा वीसचेच घेतले,
म्हणजे भांडायलाही जागा ठेवली नाही.

रविवारी नलूनं एक टोक धरलं, मी बोथट सुरी.
जुनी पट्टी आधी अडली,
मग उसाच्या सालासारखी करकरत सुटत आली.
गंजलेल्या क्लिपांत सरकीचा एक दाणा,
त्याला अजून कापूस चिकटलेला.
आणि खाली,
दोन बोटं रुंद, बंपरपासून बंपरपर्यंत,
हिरवा.

लाल गाडी म्हणतात तिला सगळे.
लाल म्हणूनच मी घेतली.
कुणीतरी पट्टी न काढता रंग मारला होता,
आळशी माणूस, की घाईत असलेला,
आणि त्याच्या आळसाखाली हा रंग
हरभऱ्याच्या घाट्यासारखा कोवळा राहिला,
ऊन न बघता.
"हिरवीच बरी होती," नलू म्हणाली.
"तू पाहिली होतीस?"
"आता पाहतेय ना."

थिनरनं डिंक पुसला, हिरव्याला न दुखवता.
नवं रबर पत्र्यावर उन्हात टाकलं, मऊ होईस्तोवर.
साबणाचं पाणी. खाचेत सुतळी घालून
हळूहळू ओढत जायची, ओठ आपोआप बाहेर येतो.
लाकडी हातोड्याला नलूचा जुना स्वेटर गुंडाळला.
ओढायचं नाही, ढकलायचं, थोडं थोडं जास्त,
हे तीन कोपऱ्यांपर्यंत लक्षात राहिलं.
चौथ्याला अंधार पडला होता,
डास चावत होते,
आणि मला वाटलं, थोडं वाचलं तर बरं.
वीतभर वाचलं.
नलूनं ते टाकीच्या झाकणाला लावलं.

दार आता खणकन वाजत नाही.
धप्प म्हणतं, गादीवर उशी पडावी तसं.
पाऊस बाहेर राहिला. बेडूकही.

डिसेंबरात मागच्या डाव्या कोपऱ्यात
नखाएवढी फट पडली.
मला माहीत आहे कुठं, का, किती वाजता.
बाजारात कौतिकाबाई विचारते, "बसलं का बराबर?"
"बसलं," मी म्हणतो, आणि कुकरची रिंग घेतो,
घरात दोन असताना.

नलू गाडीत बसण्याआधी दर वेळी मागून फिरून जाते,
फटीत नख घालते,
बघते.
आहे.